पिंग होतंय का रे?

नेटवर्कवाल्यांच्या खोलीत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘चहा घेणार का’चा नंबर दुसरा. नेट बंद पडलं, प्रिंटर रुसला, शाखेतली बिलं अडकली, काहीही होवो, पहिली आज्ञा पिंगची. काळ्या खिडकीत चार ओळी उमटतात आणि त्यांवरून साहेबापासून शिकाऊ पोरापर्यंत सगळे निदान करायला मोकळे. पण त्या चार ओळी जेवढं सांगतात तेवढंच लपवतातही. पिंग फेल गेलं की आपण म्हणतो, पॅकेट पोचलंच नाही. पुष्कळदा ते व्यवस्थित पोचलेलं असतं; उत्तर परतीच्या वाटेवर गळालेलं असतं. त्यात वाटेवर नॅट, म्हणजे पत्ते बदलून देणारी यंत्रणा बसलेली असेल, तर मग विचारूच नका.

एका रात्रीचा उद्योग

पिंग लिहिलं माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रॅमरने, डिसेंबर १९८३ मध्ये. नोकरी अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत, मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीनला. त्याच वर्षी जुलैत नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी जाताजाता आपल्या प्रयोगांचा उल्लेख केला होता: समोरच्या यंत्राला ‘प्रतिध्वनी दे’ म्हणायचं आणि किती वेळात येतो ते मोजायचं. डिसेंबरात म्यूसच्या नेटवर्कने विचित्र वागायला सुरुवात केली, तेव्हा त्याला ते आठवलं. एका रात्रीत हजारेक ओळी लिहून झाल्या. पाणबुड्यांच्या सोनारचा आवाज डोक्यात होता, म्हणून नाव पिंग.

आणि प्रोग्रॅम तयार होईपर्यंत एका सहकाऱ्याने नेटवर्क दुरुस्तही करून टाकलेलं! पहिलं पिंग ज्यासाठी लिहिलं त्यासाठी ते वापरायची वेळच आली नाही. हेच आपलं सर्वांत गाजलेलं काम ठरणार हे ठाऊक असतं तर अजून एकदोन दिवस खर्चून आणखी सोयी घातल्या असत्या, असं म्यूसने पुढे गमतीने लिहून ठेवलं. २००० साली मोटार अपघातात तो गेला.

त्यानेच सांगितलेला एक किस्सा तर भन्नाट. कुठल्याशा ऑफिसात इथरनेटचा एक सांधा मधूनच सुटायचा, पण नेमका कुठला ते कळेना. तिथल्या नेटवर्कवाल्याने पिंगचं उत्तर आवाज काढणाऱ्या प्रोग्रॅमला जोडलं आणि तो आवाज ऑफिसातल्या स्टिरिओवर सोडला. दर सेकंदाला ठणठणीत ‘पिंग… पिंग… पिंग…’. मग हे महाशय इमारतभर फिरत एकेक कनेक्टर हलवत सुटले. जिथे हलवल्यावर आवाज थांबला, तिथे चोर सापडला. चाळीस वर्षांत निदानाची साधनं पुष्कळ महागली, पण याहून चोख युक्ती माझ्या तरी वाचनात नाही.

एक टिंब, चार उद्गारचिन्हं

सिस्कोचा राउटर पिंगला एरवी पाच पॅकेटं पाठवतो, प्रत्येक १०० बाइटचं, आणि प्रत्येकासाठी दोन सेकंद थांबतो. उत्तर आलं की उद्गारचिन्ह, नाही आलं की टिंब, वाटेतल्या कुणी ‘तिकडे जाता येत नाही’ असं कळवलं की इंग्रजी यू. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेच्या क्लासमधला नवा विद्यार्थी पहिल्याच दिवशी हे बघतो: एक टिंब, चार उद्गारचिन्हं, खाली लिहिलेलं ‘सक्सेस रेट ८० टक्के’. आणि घाबरून केबल बदलायला निघतो.

केबलला काही झालेलं नसतं. समोरच्याचा आयपी पत्ता माहीत असतो, पण त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे मॅक, माहीत नसतो. तो एआरपीने विचारून घेईस्तोवर पहिलं पॅकेट बळी जातं. पुन्हा पिंग करा, पाचही उद्गारचिन्हं. दुसऱ्यांदाही टिंब आलं तर मात्र बाह्या सरसावायला हरकत नाही.

शून्य टक्के लॉस, आणि तरी सगळं बंद

विंडोजच्या पिंगमधली ही खोड अनुभवी मंडळींनाही चकवते. ज्या यंत्राला पिंग केलं ते बंद आहे, तरी शेवटी हिशेब येतो: पाठवली चार, मिळाली चार, लॉस शून्य टक्के! वरच्या ओळी नीट वाचल्या तर कळतं, की ‘रिप्लाय फ्रॉम’च्या पुढे पत्ता आपल्याच मशीनचा आहे आणि मजकूर आहे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. म्हणजे तुमच्याच पीसीने तुम्हाला कळवलं, की बाबा, समोरचा एआरपीला उत्तर देत नाहीये. विंडोजच्या लेखी तेही उत्तरच. स्क्रिप्टमध्ये नुसता लॉसचा आकडा वाचून ‘सर्व्हर चालू’ असं ठरवणाऱ्यांची यात रोज फसगत होते.

त्याच संदेशाच्या आधी मधल्या एखाद्या राउटरचा पत्ता असेल, तर दुखणं त्या राउटरच्या पुढे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असेल, तर कुणीच काही बोललेलं नाही: समोरचा फायरवॉल पॅकेट गिळून बसलाय, नाहीतर उत्तराला परतीची वाट नाही. आणि ‘टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट’ दिसलं, तर दोन राउटर एकमेकांकडे बोट दाखवताहेत. एक म्हणतो तिकडे जा, दुसरा म्हणतो तिकडेच परत जा, आणि पॅकेट बिचारं मरेपर्यंत हेलपाटे घालतं.

विंडोजची बाराखडी डब्ल्यूवर थांबते

विंडोजच्या पिंगमध्ये ३२ बाइट माल असतो. काय असतं त्यात? इंग्रजी मुळाक्षरं. ए पासून सुरुवात, डब्ल्यूपर्यंत जायचं, आणि एक्स, वाय, झेड सोडून पुन्हा ए पासून आयपर्यंत. पॅकेटं उलगडून दाखवणारा वायरशार्क उघडून बघा, ओळीने दिसतील. सिस्कोचा राउटर एबीसीडी हाच सोळा अंकी पद्धतीतला आकडा पुन्हा पुन्हा भरतो.

दोन राउटर आणि एक हट्टी पीसी

आता जरा बैठक मारू. हा प्रश्न प्रत्येक लॅबमध्ये येतो, पॅकेट ट्रेसरच्या नकली राउटरांवरही आणि खऱ्या लोखंडावरही.

डावीकडे पहिला राउटर. त्याच्या पोटात १९२.१६८.१०.० चं खासगी नेटवर्क, त्यात १९२.१६८.१०.५ हा पीसी. राउटरचा बाहेरचा पाय २०३.०.११३.१. समोर दुसरा राउटर, २०३.०.११३.२. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते पुस्तकातल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. प्रत्यक्ष इंटरनेटवर ते कुणालाच मिळत नाहीत.) पहिल्या राउटरवर नॅट बसवलंय. पहिल्या राउटरवरून दुसऱ्याला पिंग: पाच उद्गारचिन्हं. पीसीवरून स्वतःच्या गेटवेला पिंग: झकास. पीसीवरून दुसऱ्या राउटरला पिंग: रिक्वेस्ट टाइम्ड आउट, चारही वेळा.

‘राउटरवरून जातंय, म्हणजे लिंक ठीक आहे, म्हणजे पीसीच खराब,’ असा निष्कर्ष निघतो आणि कुणीतरी पीसी रीस्टार्ट करतं. पण राउटरने स्वतः पिंग केलं तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता त्याने बाहेरच्या पायाचा लावला, २०३.०.११३.१. दुसऱ्या राउटरला तो शेजारीच जोडलेला, उत्तर द्यायला काहीच अडचण नाही. या चाचणीत नॅटचा संबंधच आला नाही! म्हणून खरी चाचणी करायची तर राउटरवर एक्स्टेंडेड पिंग करावं आणि सोर्स म्हणून आतल्या पायाचा पत्ता द्यावा. मग राउटरचंही तोंड पीसीसारखंच होतं.

पुढचं निदान दुसऱ्या राउटरवर जाऊन करायचं. ‘डीबग आयपी आयसीएमपी’ लावा आणि पीसीवरून पिंग सोडा. दुसऱ्या राउटरने उत्तर कुणाला पाठवलं, तो पत्ता वाचा. २०३.०.११३.१ दिसला तर नॅट झालंय, घोळ परत आल्यावर आहे. १९२.१६८.१०.५ दिसला तर पॅकेट पत्ता न बदलताच पोचलंय. दुसऱ्या राउटरला १९२.१६८.१० कुठे राहतात याची कल्पना नाही, म्हणून त्याने उत्तर तयार केलं आणि वाट नाही म्हणून टाकून दिलं. पीसी तिकडे वाट बघत बसलाय.

मग नॅट का झालं नाही? नेहमीचे संशयित सांगतो.

पहिला: इंटरफेस. आतल्या पायावर ‘आयपी नॅट इनसाइड’ आणि बाहेरच्यावर ‘आयपी नॅट आउटसाइड’ लिहावं लागतं. एकावर लिहून दुसरा विसरणं, किंवा दोन्हींची अदलाबदल करणं, हे इतकं सर्रास होतं की बाकी काही बघण्याआधी हे बघावं. राउटर तक्रार करत नाही. गप्प बसतो.

दुसरा: अ‍ॅक्सेस लिस्ट. कुणाचे पत्ते बदलायचे ते या यादीत सांगायचं असतं, आणि सिस्कोच्या यादीला मास्क उलटा लागतो, ०.०.०.२५५. सवयीने कुणी २५५.२५५.२५५.० लिहिलं तर राउटर तेही मुकाट्याने घेतो. अर्थ मात्र असा होतो: पहिले तीन आकडे काहीही चालतील, शेवटचा शून्य हवा. जगभरातले शून्याने संपणारे सगळे पत्ते यादीत बसले, आपल्या लॅबमधला एकही पीसी नाही.

तिसरा माझा लाडका: ‘ओव्हरलोड’ हा एक शब्द, म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेकांना बसव. पूलमध्ये, म्हणजे वाटायच्या पत्त्यांच्या साठ्यात, बाहेरचा पत्ता एकच आहे आणि हा शब्द राहिला, तर ज्या पीसीने सर्वांत आधी पिंग केलं त्याला तो पत्ता मिळतो. त्याचं सगळं चालतं. शेजारच्याचं काहीच चालत नाही. दुसऱ्या दिवशी भलताच पीसी आधी सुरू होतो आणि त्याचं चालायला लागतं. काल चालत होतं, आज नाही, उद्या कुणाचं चालेल ते सांगता येत नाही: ऑफिसात अशी तक्रार आली की मी तरी केबलकडे बघत नाही. सिस्कोवर अशी नोंद एरवी २४ तास टिकते, म्हणून खेळ दिवसाच्या हिशेबाने चालतो.

चौथा: नॅटचा टेबल रिकामा दिसतो म्हणून नॅटलाच झोडपणं. आतून बाहेर जाताना राउटर आधी रूट बघतो, मग पत्ता बदलतो. बाहेरून आत येताना आधी पत्ता बदलतो, मग रूट बघतो. तेव्हा पलीकडे जायला डिफॉल्ट रूटच नसेल, तर पॅकेट नॅटपर्यंत पोचणारच नाही. टेबल रिकामा राहील आणि नॅट निर्दोष असेल.

सुधारणा करायला गेलं की राउटर म्हणतो, मॅपिंग वापरात आहे, काढता येणार नाही. मग ‘क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन’ आणि पुढे तारांकन. लॅबमध्ये खुशाल मारा. भर दुपारी चालू ऑफिसात मारली तर सगळ्यांची चालू जोडणी एकदम तुटते, आणि कुणाच्या हातून झालं ते पाच मिनिटांत मजलाभर कळतं.

आणि हे सगळं बरोबर असूनही एका पीसीवरून दुसऱ्या पीसीला पिंग गेलं नाही तर? विंडोजचा फायरवॉल. एक्सपीच्या २००४ मधल्या सर्व्हिस पॅक टूपासून तो आपोआप चालू असतो आणि अनोळखी पिंगला सहसा जवाब देत नाही. समोरचं मशीन त्याच नेटवर्कात असेल तर ‘एआरपी डॅश ए’ मारून बघा. मॅक पत्ता आलेला असला तर स्वारी जिवंत आहे, बोलायची इच्छा नाही इतकंच.

ऑफिसच्या बोर्डाची कल्पना

नॅट कळायला ऑफिसचा ईपीएबीएक्स डोळ्यांसमोर आणावा: बाहेर नंबर एक, आत एक्स्टेन्शनं पन्नास. हे उदाहरण मी सोयीसाठी रचलेलं नाही. नॅट करणारं बाजारातलं सुरुवातीचं यंत्र जॉन मेज आणि ब्रँटली कॉइल यांनी १९९४ साली आणलं, तेव्हा टेलिफोनच्या पीबीएक्सवरूनच त्याचं नाव पडलं पिक्स, प्रायव्हेट इंटरनेट एक्स्चेंज. पुढच्याच वर्षी सिस्कोने त्यांची कंपनी विकत घेतली. केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांचा नॅटवरचा अधिकृत दस्तऐवजही मे १९९४ चाच.

घाई कशाला होती? पत्ते संपत चालले होते. ३२ बिटांत बसतात ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, आणि सत्तरच्या दशकात प्रयोग म्हणून निघालेल्या जाळ्याला ते कधी कमी पडतील असं कुणाला वाटलं नव्हतं. नॅट हा तात्पुरता टेकू म्हणून आला. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा त्याच एप्रिलमध्ये, आणि टेकू अजून जागेवर आहे.

पिंगला पोर्ट नसतो, मग नॅट ओळखतं कसं?

मुलाखतीत विचारायला हा फर्मास प्रश्न. वेबसाइट उघडताना नॅट पोर्टच्या आकड्यावरून लक्षात ठेवतं, की हे उत्तर कुठल्या पीसीचं. पिंग मात्र आयसीएमपीवर चालतं आणि तिथे पोर्ट नावाची चीजच नाही. जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये आयसीएमपीचे नियम लिहिले त्यात विनंतीचा क्रमांक आठ, उत्तराचा शून्य, आणि सोबत एक ओळख क्रमांक. नॅट त्या ओळख क्रमांकालाच पोर्टच्या जागी धरतं. दोन पीसींचा सारखा निघाला तर एकाचा बदलून टाकतं. सिस्कोवर ही नोंद एरवी ६० सेकंदांत पुसली जाते. म्हणून पिंग करून, चहा घेऊन, मग नॅटचा टेबल बघायला आलात तर तिथे काहीच सापडणार नाही. पिंग चालू ठेवून बघायचं.

घरोघरी १९२.१६८.१.१

मार्च १९९४ मध्ये खासगी वापरासाठी तीन पट्टे राखले गेले. १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६ पासूनचे १०,४८,५७६ आणि १९२.१६८ चे ६५,५३६. यातला १० चा पट्टा पूर्वी खुद्द अरपानेटचा होता. ते १९९० मध्ये बंद झालं आणि जागा मोकळी झाली.

एवढी कोट्यवधींची मुभा असून जग राहतं कुठे? १९२.१६८.१ मध्ये, नाहीतर १९२.१६८.० मध्ये. फायबरवाला आपला डबा बसवून जातो, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. सिग्नल आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण चांगला राउटर आणतो, त्याचाही १९२.१६८.१.१. दोन्ही नॅट करतात, दोन्हींच्या आत-बाहेर सारखंच नेटवर्क, आणि राउटरला कळेना की १९२.१६८.१.१ म्हणजे मी की तो. पिंग केलं तर होतं, कारण आपणच आपल्याला उत्तर देतो! उपाय दोन: नव्या राउटरचा पट्टा बदला, किंवा त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकून नॅटमधून मोकळा करा. दोन कंपन्या एकत्र आल्या की हाच तमाशा मोठ्या प्रमाणावर होतो.

एक एक एक एक

१.१.१.१ हा पत्ता लक्षात ठेवायला इतका सोपा, की वर्षानुवर्षं लोकांनी तो खोटा पत्ता म्हणून वापरला. लॅबमध्ये, वायफायच्या लॉगिन पानांसाठी, वाटेल तिथे. १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरने त्यावर खरोखरीची डीएनएस सेवा सुरू केली आणि काही ठिकाणाहून तिथे पिंगच जाईना. आपलाच राउटर किंवा वायफाय कंट्रोलर तो पत्ता स्वतःकडे ठेवून बसला होता. मुहूर्त एप्रिल फूलचा, त्यामुळे सेवा खरी की थट्टा हेही कित्येकांना आधी कळेना.

पुढे शून्य लावू नका

आकडे ओळीत नीट दिसावेत म्हणून कुणी १०.०.०.१ च्या जागी ०१०.०.०.१ टाइप केलं, तर पुष्कळ यंत्रांवर पिंग जातं ८.०.०.१ ला. सुरुवातीचं शून्य म्हणजे आठ अंकी पद्धतीतला आकडा, अशी जुनी युनिक्सी समजूत. उलट १२७.१ लिहिलं तर मधली शून्यं आपोआप भरतात आणि १२७.०.०.१ ला पिंग होतं. स्वतःला स्वतः हाक मारायला राखलेल्या या १२७ च्या पट्ट्यात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. वापरतात एक.

टीटीएलवरून कुंडली

पिंगच्या उत्तरात टीटीएल नावाचा आकडा असतो. विंडोज तो १२८ पासून सुरू करतं, लिनक्स आणि अँड्रॉइड ६४ पासून, सिस्कोचे राउटर सहसा २५५. दर राउटरला एक कमी. उत्तरात ११७ आलं तर समोर बहुधा विंडोज, मध्ये अकरा राउटर. ५३ आलं तर लिनक्स, तेही अकरा. मूळ नियमांत हा आकडा सेकंदांत होता. प्रत्यक्षात सगळ्यांनी तो थांबे मोजायला वापरला. व्हॅन जेकबसन यांनी याच आकड्याशी खेळून ट्रेसराउट केलं: मुद्दाम एक, दोन, तीन असा टीटीएल देत जायचं, म्हणजे वाटेतला प्रत्येक राउटर ‘माझ्यापाशी मेलं’ म्हणून स्वतःहून नाव सांगतो.

१४७२ चा मंत्र

पिंग छान होतंय, मेसेज जाताहेत, पण काही वेबसाइटी अर्ध्यात अडकतात. अशा वेळी पॅकेटचा आकार तपासायचा. विंडोजवर पिंगला डॅश एफ आणि डॅश एल १४७२ द्या. डॅश एफ म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नका. १४७२ माल, आठ आयसीएमपीचे, वीस आयपीचे, एकूण १५००, इथरनेटची मर्यादा. आपल्याकडे फायबरची पुष्कळ कनेक्शनं पीपीपीओईवर चालतात, ते आठ बाइट स्वतःसाठी घेतं. म्हणून तिथे १४६४ पर्यंतच जातं. १४७२ ला ‘तुकडे करावे लागतील’ असा निरोप आला तर सगळं सुरळीत आहे. निरोपच आला नाही, नुसती शांतता, तर कुणीतरी शहाण्याने वाटेत आयसीएमपी सरसकट बंद केलंय.

त्या शहाण्यालाही कारण होतं म्हणा. १९९६ च्या अखेरीस ‘पिंग ऑफ डेथ’ गाजलं: आयपी पॅकेट ६५,५३५ बाइटांपेक्षा मोठं असू शकत नाही, पण तुकडे असे पाठवायचे की जोडल्यावर ते मोठं व्हावं. विंडोज ९५ पासून युनिक्सपर्यंत कित्येक यंत्रं एका पिंगने आडवी व्हायची. दुरुस्त्या लगेच झाल्या, धसका मात्र राहिला. तीस वर्षं होत आली तरी पिंग सरसकट बंद करणं ही सुरक्षा नव्हे, आळस आहे असं माझं मत.

गेमवाल्या पोरांचं पिंग

‘पिंग किती आहे तुझं?’ हे आता नेटवर्कवाल्यांपेक्षा मोबाइलवर गेम खेळणारी पोरं जास्त विचारतात. त्यांना हवे असतात कमी मिलिसेकंद, आणि भौतिकशास्त्र तिथे आडवं येतं. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. नागपूर ते मुंबई केबल आठशे किलोमीटर धरली, तर जाऊन येऊन आठ मिलिसेकंद लागणारच, राउटर सोन्याचा आणला तरी. ३५,७८६ किलोमीटरवर टांगलेल्या उपग्रहामार्फत गेलात, तर वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली मिळून ४७७ मिलिसेकंद नुसत्या प्रवासात. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबली तुटल्या, तेव्हा भारताचं युरोपकडचं इंटरनेट रखडलं आणि बरीच वाहतूक उलट्या दिशेने वळवावी लागली.

सर्वांत वाईट पिंगचा मान मात्र कबुतरांचा. कबुतरांकरवी इंटरनेट चालवण्याचा थट्टेचा दस्तऐवज १ एप्रिल १९९० ला निघाला होता. नॉर्वेतल्या बेर्गेनच्या लिनक्सवेड्यांनी २८ एप्रिल २००१ ला तो खरा करून दाखवला. नऊ पॅकेटं पाठवली, चार उत्तरं आली, लॉस ५५ टक्के. सर्वांत चपळ उत्तराला ५३ मिनिटं, सर्वांत आळशी उत्तराला पावणेदोन तासांच्या वर.

कॅमेरेवाल्याचा घाम

गावच्या घराला सीसीटीव्ही बसवला, पुण्यात बसून बघायचाय. कॅमेरेवाला राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करतो, तपासतो, होत नाही. डीव्हीआर रीसेट, पुन्हा फॉरवर्ड, पुन्हा नाही. राउटरच्या पानावर सगळं हिरवं, बाहेरून पिंगसुद्धा येत नाही. दोष त्याच्या कामात नसतोच. पत्ते कमी पडल्यामुळे इंटरनेट कंपनीने आपल्याकडेच एक मोठं नॅट बसवलेलं असतं आणि तुमच्यासारखी पुष्कळ घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेली असतात. या कामासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ असा ४१,९४,३०४ पत्त्यांचा वेगळा पट्टाच राखला गेला. तुमच्या राउटरने कितीही दार उघडलं तरी त्याच्या बाहेर अजून एक दार आहे, आणि त्याची किल्ली कंपनीकडे.

आयपीव्ही६ आलं की हे संपेल म्हणतात, आणि मोबाइल कंपन्यांच्या कृपेने त्याच्या वापरात भारत जगात पुढच्या रांगेत आहेही. पण जुन्या साइटींसाठी तिथेही भाषांतर लागतंच; काही फोनांच्या सेटिंगमध्ये १९२.०.०.४ असा विचित्र पत्ता दिसतो तो त्याचाच. तोवर कॅमेरेवाल्याला बोलावण्याआधी राउटरच्या वॅन पानावर एक नजर टाका. तिथला पत्ता १०० किंवा १० ने सुरू होत असला, तर पोर्ट फॉरवर्डच्या नादी लागू नका. कंपनीला फोन करून स्टॅटिक आयपीचा महिन्याचा दर विचारा, नाहीतर डीव्हीआरवाल्याचं क्लाउड अ‍ॅप वापरा. त्यात कॅमेराच आतून बाहेर जोडणी करतो, म्हणून दोन्ही नॅट मुकाट्याने वाट देतात.